न आलेली वॅगन

१

भीमराज वाढवेला या प्रकरणात मिळण्यासारखं काय होतं, ते आधी मांडून ठेवू. एका तासाची सावली. चैत्राच्या उन्हात एकवीस वॅगनच्या दोन्ही अंगांनी खडीवरून चालायचं, चाकाचाकावर हातोडी वाजवायची, दारादाराची बिजागरी चाचपायची, याला तासभर लागतो. आरोपपत्राचं म्हणणं असं, की भीमराजनं हा तास सावलीत बसून काढला. वॅगन न बघताच हातातल्या मशीनवर 'ठीक'चं बटण दाबलं. म्हणून थावरा राठोड हा हमाल मेला.

आता एका तासाच्या सावलीपायी चोवीस वर्षांची नोकरी कोण डावावर लावील? लावणारे असतात. पण भीमराज त्यातला होता का, एवढंच तातेराव मगरांना बघायचं होतं.

हिंगोली आणि वसमतच्या मधे करंजाळी रोड म्हणून स्टेशन आहे. गाड्या थांबतात त्याहून जास्त तिथं शेळ्या थांबतात. पण मालधक्का मोठा. तिथं तीस वर्षं तातेराव माल-बाबू होते. निवृत्त झाल्यावर माणूस देवळात जातो, तातेराव खात्याच्या चौकशांना जायला लागले. आरोप असलेल्या नोकरदाराला निवृत्त माणूस बाजू मांडायला घेता येतो, असा नियम आहे. तातेराव त्याचे पैसे घेत नसत. लोक कसकसं खोटं बोलतात हे जवळून ऐकायला मिळतं, तेवढ्यावर त्यांचं पोट भरायचं.

प्रकरण दिसायला सरळ होतं. हल्ली प्रत्येक वॅगनला दोन्ही अंगांना तळहाताएवढा टॅग ठोकलेला असतो. धक्क्यावर त्याला बिल्ला म्हणतात. तपासणाऱ्यानं हातातलं मशीन बिल्ल्याजवळ नेलं की टुक् वाजतं, वॅगनचा नंबर उमटतो, मग 'ठीक' किंवा 'नादुरुस्त' दाबायचं. माणूस वॅगनजवळ गेल्याशिवाय मशीन वाजत नाही. साहेबाला ऑफिसात बसून कळतं की आपला माणूस उन्हात चालतो आहे.

गेल्या सोमवारी खताचा रेक, म्हणजे एकवीस वॅगनची अख्खी मालगाडी, धक्क्याला लागला. शेवटी ६०३ आकडा असलेल्या वॅगनची कडी थावरानं साडेअकराला ओढली. वरची बिजागरी निखळलेली होती. दार अख्खं त्याच्या अंगावर आलं. आणि मशीन सांगत होतं: ६०३, सकाळी दहा एक्केचाळीस, ठीक, भीमराज वाढवे.

"६०३ बघितली व्हती का तू?" तातेरावांनी भीमराजच्या ओसरीवर बसत विचारलं.

"बघितली. वरच्या बिजागरीची खीळ गेलेली. हाताएवढी फुली मारली म्या दारावर. ह्या अंगानं उघडू नका, पलीकडून उघडा म्हून."

"अपघाताच्या फोटोत फुली न्हाई."

"मारली व्हती, बाबू."

"बरं, मारली व्हती. मंग मशीन ठीक काहून म्हणून राहिलं?"

भीमराज चांगला सहा फुटी गडी. तो ओसरीच्या खांबाला टेकून बोटांची नखं बघत राहिला.

"बटण कुनी दाबलं, भीमराज?"

"तेवढं सोडून दुसरं काय बी इचारा."

तातेरावांनी तंबाखूची पिशवी काढली, चुन्याची डबी काढली आणि पुढे केली. भीमराजनं मान हलवली. चोवीस वर्षांत त्यानं कोणाच्या चुन्याला नाही म्हटलेलं तातेरावांनी पाहिलं नव्हतं. चोर तंबाखू सोडत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. मग यानं काय म्हणून सोडली?

२

६०३ चौकशीसाठी धक्क्याच्या पत्र्याखाली उभी करून ठेवली होती. पडलेलं दार तिलाच टेकवलेलं. सगळ्या दारावर खताची पांढुरकी धूळ, आणि मधोमध हात फिरवून पुसल्यासारखा पट्टा. त्या पट्ट्यात विटकरी लाल डाग.

"रगत हाय का ते?" तातेरावांनी विचारलं.

"न्हाई हो. रगत खाली सांडलं." सांगणारा धर्मसिंग, हमालांचा मुकादम. मेलेल्या थावराच्या बायकोचा, जनकाबाईचा, थोरला भाऊ. "कुंकू आसल. बाया येऊन गेल्या तांड्यावरून. कुनी तरी लावलं आसल."

साहेबांच्या अहवालातही तेच होतं: 'मृत्यूनंतर दारावर अज्ञात व्यक्तीने कुंकू वाहिल्याचे दिसते.' तातेरावांना गंमत वाटली. नवऱ्याचा जीव घेणाऱ्या दाराला कोण बाई कुंकू वाहील? पण अहवाल लिहिणाऱ्याला बायकांशी काय घेणं.

"फुली बघितली व्हती का तुमी?"

"आमी हमाल मानसं. आमाला वॅगन ठीक हाय म्हनलं की आमी उघडतो."

"कोन म्हनलं?"

"मशीन." धर्मसिंगनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. पंचा हळदीनं पिवळाधमक. चैत्रात, ऐन हळदीच्या हंगामात, या भागातल्या हमालाचा पंचा दुसऱ्या रंगाचा असणार तरी कसा? एक टोक तेवढं लालसर होतं. तातेराव तिकडे बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं. "पान खाल्लं व्हतं."

"तुमी पान कधीपासून खायला लागले, मुकादम?"

धर्मसिंग हसला नाही. "बाबूसाहेब, ठेकेदाराचा मानूस काल येऊन गेला. म्हनला, हमालाची सोताची चूक निघाली तर भरपाई न्हाई. जनकाला दोन लेकरं हायत. तुमी भीमराजचं बघा, पन माझ्या भनीच्या ताटात माती नका घालू."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस कधी देतो, तातेरावांना माहीत होतं. थावराची चूक असं कोणी म्हटलंच नव्हतं.

३

तपासणी विभागाचे साहेब संतराम जोगदंड. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर काचेत मढवलेलं प्रशस्तिपत्र: टॅग-तपासणी शंभर टक्के, सलग अकरा महिने. काच रोज पुसली जात असावी. खिडकीची नव्हती.

"शंभर म्हणजे शंभर, साहेब? एकसुद्धा सुटली नाही?"

"एकसुद्धा नाही."

"बिल्ले खताच्या धुळीनं माखलेले असतात. माझा नातू मोबाईल तीनदा पुसतो तेव्हा तो उघडतो."

"आमची माणसं प्रामाणिक आहेत. होती," संतराम म्हणाले. "भीमराजबद्दल मलाच जास्त दुःख आहे. पण मशीन खोटं बोलत नाही, तातेराव."

"खरं आहे. त्याला तेवढी अक्कल नसते."

मशीनची यादी तातेरावांनी मागून घेतली. पहिली नोंद दहा दोन. मग दहा पाच, दहा आठ, दहा अकरा. एकवीस वॅगन, दर तीन मिनिटांनी एक, शेवटची अकरा दोनला. उन्हात चालणारा माणूस पाणी पितो, लघवीला जातो, बुटातला खडा काढतो. ही यादी बघून वाटावं, पाळण्यातलं मूल निजवायला कोणी झोका देत बसलं आहे.

बिल्ले ठोकणाऱ्या कंपनीचा पोरगा स्वप्निल बाहेर मोटारसायकलवर बसला होता. खराब बिल्ले बदलणं हे त्याचं काम.

"स्वप्निलराव, एका वॅगनला बिल्ले किती?"

"दोन."

"तिसरा बनवता येतो?"

स्वप्निलनं हेल्मेट घातलं. मग काढलं. "काका, ट्रायलसाठी एक जादा सेट संतराम साहेबांनी मागितला होता. वर्ष झालं. साहेबांनी मागितल्यावर आम्ही कोण विचारणार? आमचं बिल त्यांच्याच सहीनं निघतं."

"किती बिल्ल्यांचा सेट?"

"एकवीस. हा रेक ठरलेला आहे ना, त्याच वॅगन फिरून येतात."

तातेराव जागीच थांबले. त्याच वॅगन फिरून येतात, हे सगळ्यांना पाठ होतं. पण गेल्या सोमवारी त्या त्याच होत्या, हे कोणी मोजलं होतं?

४

मोजलं होतं. खांबानं.

स्टेशनच्या अलीकडे रुळाशेजारी एक खांब आहे. गाडी त्याच्या पुढून गेली की तो वॅगनचे बिल्ले आपोआप वाचतो आणि यादी वाहतुकीच्या ऑफिसला पाठवतो. हातातल्या मशीनची यादी तपासणीच्या ऑफिसला जाते. दोन्ही ऑफिसं एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर आहेत. पण एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या टेबलावर जायला विनंतिपत्र लागतं, आणि विनंती करायची कोणाला गरज पडली नव्हती.

वैजनाथ, आताचा माल-बाबू, तातेरावांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं खांबाची यादी काढून दिली. तातेरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि पूर्वी रजिस्टर तपासायचे तसं बोट फिरवत गेले. वीस नंबर जुळले.

"वैजनाथ, मशीन म्हनते दहा वीसला ४१७ तपासली, ठीक. खांबाच्या यादीत ४१७ न्हाईच. ८८२ हाय."

वैजनाथनं डोकं खाजवलं. "४१७ चा अ‍ॅक्सल गरम झाला व्हता, बाबू. आधल्या शुक्रवारी. वाटेतल्या यार्डात काढून ठेवली अन् तिच्या जागी ८८२ लावली. अजून तितंच उभी हाय ती."

"म्हंजी जी वॅगन आलीच न्हाई, तिच्याजवळ उभं राहून भीमराजनं बटण दाबलं. अन् जी आली तिला हात बी लावला न्हाई."

"कसं काय?"

"सांगतो. आधी हे सांग, सोमवारी सकाळी भीमराज तुला दिसला व्हता?"

"खिडकीवर आला व्हता ना. पावनेअकराची पॅसेंजर लागून राहिली व्हती तवा. खडू मागून राहिला व्हता. खडू तीन महिन्यांपासून न्हाई आपल्याकडं. मशीन आल्यावर खडूची मागणीच बंद केली वरून."

"मशीन व्हतं हातात?"

"न्हाई. एका हातात हातोडी. दुसरा पुढं केलेला." वैजनाथनं आठवलं. "मी म्हनलं खडू न्हाई, तर हसला. म्हनला, मंग खिशातल्यानं लिहितो."

तातेरावांनी मशीनची यादी पुन्हा बघितली. दहा चव्वेचाळीस, टुक्. दहा सत्तेचाळीस, टुक्. भीमराज खिडकीवर हात पसरून उभा, आणि मशीन दुसरीकडे कुठंतरी झोका देतंय. मग झोका देणारा कोण?

आणि भीमराजच्या खिशात लिहिण्यासारखं काय होतं?

५

धक्क्याशेजारी पद्माबाईची चहाची टपरी आहे. तातेरावांनी लिंबाचा चहा सांगितला.

"पद्माबाई, सोमवारी हितं कोन बसलं व्हतं?"

"सगळेच बसत्यात."

"एकवीस बिल्ले घेऊन?"

पद्माबाईनं चहा गाळता गाळता त्यांच्याकडे बघितलं. मग बाकाखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा पायानं पुढे सरकवला. आत एकवीस बिल्ले, नंबराप्रमाणे लावलेले, रबर गुंडाळलेलं. वर्षभर एकवीस वॅगनची तपासणी या बाकावर होत होती.

"मी म्हनलं, कुनी तरी येईल न्यायला. पाच दिस झाले, कुनी आलं न्हाई. तुमीच पयले."

"दाबत कोन व्हतं?"

"भीमराज बिचारा खरं तपासायचा हो. दोनी हातांचं काम त्याचं, मशीन कुटं धरावं? धूळ पुसा, मशीन लावा, वाजलं न्हाई तर पुन्ना लावा. साहेबानंच डबा आनून दिला. म्हनला, हे हितं बसून कुनाकडून बी करून घे, माझं शंभर टक्के झालं पायजे." पद्माबाईचा आवाज खाली आला. "थावरा दहावी शिकलेला. आकडे वाचाया यायचे त्याला. रेक उघडेपर्यंत हमालांना काम नसतं. एका चहावर बसायचा, घड्याळ बघून तीन तीन मिनिटांनी दाबायचा. लई इमानानं करायचा."

तातेरावांनी चहा तसाच ठेवला. ज्या हातानं ६०३ ठीक म्हणून दाबलं, त्याच हातानं पाऊण तासानं तिची कडी ओढली होती.

त्यांनी पद्माबाईकडून लिंबाची अर्धी फोड मागून घेतली आणि पत्र्याखाली उभ्या ६०३ कडे गेले. दारावरच्या लाल डागावर फोड पिळली. लाल रंग बघता बघता पिवळा झाला. कुंकू करायची रीत या भागात कोणाला सांगावी लागत नाही. हळदीत चुना पडला की लाल. आणि आंबट पडलं की पुन्हा हळद.

भीमराजकडं खडू नव्हता. त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन फुली काढली. आणि ती कोणीतरी पुसली. पुसायला जे फडकं घेतलं, ते हळदीचं होतं.

६

धर्मसिंग तांड्यावर नव्हता, धक्क्याच्या टोकाला एकटा बसला होता. तातेरावांनी काही म्हणायच्या आत त्यानं पंचा काढून पुढ्यात टाकला.

"लिंबू पिळून बघा ह्याच्यावर बी."

"बघायचं काही राहिलं न्हाई, मुकादम."

"कुरुंद्याच्या गोदामात पोती उचलून आलतो सकाळी. तितं दुसरी गाडी उभी व्हती हळदीची, दुपारी भरायची व्हती. फुली दिसली. फुली वैजनाथबाबूनं बघितली की म्हनतो, पलीकडून उतरवा. पलीकडून म्हंजी वळसा. एक तास जास्ती." त्यानं पंच्याचं लाल टोक दुमडलं. "तसं पुसलं न्हाई म्या. आधी इचारलं. थावरालाच इचारलं, ६०३ ची फुली कशाची रं? त्यानं मशीन बघितलं. म्हनला, जुनी आसल दादा, मशीन ठीक म्हनते."

खाली खडीवर कावळा पोत्यातलं सांडलेलं खत टोचून बघत होता.

"जनकाबाईला ठाऊक हाय?"

"न्हाई. सांगनार का तुमी?"

तातेराव उठले. ते तसेच भीमराजच्या ओसरीवर गेले आणि सगळं मांडलं: न आलेली वॅगन, डबा, दहा चव्वेचाळीसला खिडकीवर पसरलेला हात. "वैजनाथचा लेखी जबाब माझ्या खिशात हाय. तू दाबलं न्हाई, हे शाबीत हाय. सुटलास तू."

"अन् मंग कुनी दाबलं म्हनतील?"

"म्हनतीलच."

"मंग थावराचं नाव निघनार. ठेकेदार म्हननार, त्याचीच चूक. जनकाबाईला काय मिळायचं?" भीमराज पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघून बोलला. "बाबू, एक चहा पाजून म्या बसवलं त्याला तितं. खडू न्हवता तर दाराला तार बांधायची व्हती म्या. चुन्याची फुली मारली अन् पुढं गेलो. चुना काय टिकतो?"

"तू नियमानं निर्दोष हायस."

"नियमानं तर ४१७ बी आलती."

७

चौकशी गुरुवारी झाली. वरून आलेले अधिकारी, संतराम, ठेकेदाराचा माणूस. जनकाबाई दाराशी बसलेली, पदर कपाळापर्यंत ओढून.

तातेरावांनी दोन याद्या टेबलावर ठेवल्या. "साहेब, या वॅगनची तपासणी इथं झाली आणि ती ठीक निघाली. फक्त ती त्या दिवशी इथं नव्हती. अजूनही नाही." मग त्यांनी बिस्किटाचा डबा ठेवला. संतरामांच्या कपाळाला घाम आला. पंखा चालू होता.

अधिकाऱ्यांनी बिल्ले मोजले. एकवीस. मग त्यांनी संतरामांना काही विचारलं नाही. भीमराजला विचारलं.

"हे कोण दाबत होतं?"

तातेरावांचा हात कोटाच्या आतल्या खिशावर होता, वैजनाथच्या जबाबावर. एका घडीचं काम. चोवीस वर्षांची नोकरी त्या कागदाच्या चौकोनात होती. भीमराजनं दाराकडे बघितलं, मग तातेरावांकडे.

"मीच," तो म्हणाला. "सावलीला बसून."

तातेरावांनी खिशावरचा हात काढून मांडीवर ठेवला. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ खोटं ऐकलं होतं. इतकं महाग कधी ऐकलं नव्हतं.

आता कोणी काय भरलं, ते बघू. संतराम जोगदंडांना टॅग-तपासणीचा अनुभव दांडगा म्हणून वरच्या ऑफिसात बोलावून घेतलं. डबा त्यांच्या माहितीबाहेरचा ठरला, आणि प्रशस्तिपत्र त्यांच्याबरोबर गेलं, काचेसकट. स्वप्निलच्या कंपनीला न उखडणारे नवे बिल्ले ठोकायचं काम मिळालं. जनकाबाईला भरपाई मंजूर झाली. ठेकेदाराच्या माणसाचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं होतं, पण तेही आठच दिवस. पुढच्या बिलात त्यानं ते भरून काढलं. धर्मसिंग दर बाजाराला बहिणीकडे जातो, लेकरांना खाऊ नेतो, आणि ओसरीच्या आत पाय टाकत नाही. ती म्हणते, दादाला लई लागलं हो थावराचं. खडूची मागणी अजून बंदच आहे. खांब तेवढा बराबर मोजतो. त्या सोमवारीही त्यानं बराबरच मोजलं होतं.

थावरानं जीव भरला. एका चहाच्या बदल्यात.

आणि भीमराज पद्माबाईच्या बाकावर येऊन बसतो. तातेराव शेजारी बसून चुन्याची डबी पुढे करतात, तो मान हलवतो. रेक लागतो, नवा माणूस मशीन घेऊन उन्हात चालत जातो, टुक् वाजतं, टुक् वाजतं. त्याच्या हातात हातोडी नसते. भीमराज कान देऊन बसलेला असतो, दुपार कलली तरी उठत नाही. एका तासाच्या सावलीचा आरोप होता त्याच्यावर. आता त्याला दिवसभर सावली आहे.